रिकाम्या खुर्चीतला निर्णय

३ सप्टेंबर २०२५. अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीसमोर नासाचे माजी प्रमुख जिम ब्रायडनस्टाईन साक्षीला बसले होते. चीन आपल्या आधी चंद्रावर माणूस उतरवणार का, ही समितीची चिंता. ब्रायडनस्टाईन नौदलात वैमानिक होते, नंतर ओक्लाहोमातून काँग्रेसमध्ये निवडून आले, त्यामुळे भाषण कसं ठोकायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. स्पेसएक्सच्या स्टारशिप या चंद्रावर उतरणाऱ्या यानाची, म्हणजे लँडरची, सगळी योजना त्यांनी पायरीपायरीनं सांगितली. आधी कक्षेत इंधनाचं कोठार पाठवायचं, मग एकामागून एक टँकर, किती लागतील ते कुणालाच नक्की माहीत नाही, मग त्या कोठारातून लँडर भरायचा, मग तो चंद्राकडे निघणार. आणि मग म्हणाले, आपल्या हातात निवड असती तर माझ्या माहितीतल्या एकाही नासाप्रमुखानं ही रचना निवडली नसती. पुढं त्यांनी हेही जोडलं, की हा एवढा मोठा निर्णय झाला तेव्हा नासाला प्रमुखच नव्हता. मी गेलो होतो आणि बिल नेल्सन यायचे होते.

हे वाक्य तेव्हापासून सलत राहिलंय. ते खोटं नाही म्हणून जास्तच.

तारखा लावून पाहिल्या तर ब्रायडनस्टाईन बरोबर आहेत. २० जानेवारी २०२१ ला सरकार बदललं, ते गेले. खुर्चीवर स्टीव्ह जर्झिक, म्हणजे नासातले सर्वात वरचे नोकरशहा, हंगामी म्हणून बसले. नेल्सन यांचं नाव जाहीर झालं १९ मार्चला. लँडरचं कंत्राट एकट्या स्पेसएक्सला दिल्याची घोषणा झाली १६ एप्रिलला. नेल्सन यांची सिनेटमधली सुनावणी २१ एप्रिलला आणि मंजुरी २९ एप्रिलला. म्हणजे फक्त तेरा दिवस थांबले असते तर सही नव्या प्रमुखाच्या कारकिर्दीत झाली असती. संशय घ्यायला एवढं पुरतं. पण खुर्चीवर कोण होतं हे विचारण्याआधी तिजोरीत किती होतं हे विचारायला हवं, आणि तो प्रश्न माजी प्रमुखांनी अलगद बाजूला ठेवला.

२०२१ च्या आर्थिक वर्षासाठी नासानं लँडरकरता साधारण ३.४ अब्ज डॉलर मागितले होते. मागणारे ब्रायडनस्टाईनच. डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसनं दिले ८५ कोटी. म्हणजे रुपयाला चार आणे. आणि २०२४ मध्ये माणूस उतरवायचा, हे मार्च २०१९ मध्ये उपाध्यक्ष पेन्स हंट्सव्हिलमध्ये जाहीर करून मोकळे झाले होते. तारीख व्हाइट हाऊसची, तिजोरी काँग्रेसची, आणि दोन्हींचा मेळ घालायचा नासाच्या मानवी उड्डाणाच्या प्रमुख कॅथी ल्यूडर्स यांनी. निवड करण्याचा कायदेशीर अधिकार त्यांच्याकडे होता. खुर्ची रिकामी होती हे खरं, पण खुर्ची भरलेली असती तरी या कागदावर सही त्यांचीच असती.

तो निवडीचा कागद सार्वजनिक आहे आणि मुळातून वाचण्यासारखा आहे. भाषा कोरडी, पण आत नाट्य भरपूर. तीन बोली होत्या. स्पेसएक्स २.९४ अब्ज, जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनची टीम ५.९९ अब्ज, डायनेटिक्स ९.०८ अब्ज डॉलर. नासाला दोन कंपन्या हव्या होत्या, म्हणजे एक अडकली तर दुसरी असेल आणि दोघींत स्पर्धा राहील. मात्र निविदेत एक किंवा शून्य निवडण्याचा हक्कही राखून ठेवलेला होता. डायनेटिक्सच्या लँडरचं वजन त्यांनी स्वतःच घालून घेतलेल्या मर्यादेच्या बाहेर गेलं होतं. उतरणारं यान कागदावरच जड भरत असेल तर पुढं काय होणार हे अभियंत्याला सांगावं लागत नाही, कारण डिझाइन पुढं सरकतं तसं वजन वाढतंच, कमी होत नाही. त्यांना तांत्रिक शेरा मिळाला ‘काठावर’ या अर्थाचा. ब्लू ओरिजिन आणि स्पेसएक्स तांत्रिक बाबतीत एकाच पायरीवर, म्हणजे ‘स्वीकारार्ह’. व्यवस्थापनात स्पेसएक्स एक पायरी वर. ब्लू ओरिजिनच्या संदेशवहनाच्या जोडण्यांबद्दल तक्रार होती, इंजिनाच्या तयारीबद्दलही होती. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक हिशेबी चूक. निविदेत आगाऊ रक्कम मागायला सक्त मनाई होती, आणि यांनी काम सुरू होण्याच्या बैठकीलाच पैसे मिळतील असे टप्पे लावले होते. ती दुरुस्ती केल्याशिवाय त्यांना कंत्राट देताच आलं नसतं. ज्या टीममध्ये लॉकहीड आणि नॉर्थ्रॉप ग्रमनसारखे पिढ्यान्‌पिढ्या सरकारी निविदा भरणारे बसलेत तिथं ही चूक व्हावी, हे जरा नवलच.

आणि मग तो भाग, जिथं घोडं पेंड खातं. स्पेसएक्सची बोली निम्म्याहून स्वस्त, तरी तीसुद्धा ८५ कोटींत बसत नव्हती. एकूण किंमत परवडत होती, पण कोणत्या वर्षी किती द्यायचे याचं गणित जुळत नव्हतं. म्हणून २ एप्रिलला नासाच्या कंत्राट अधिकाऱ्यानं फक्त स्पेसएक्सशी बोलणी उघडली आणि त्यांनी हप्त्यांचं वेळापत्रक बदलून दिलं. एकूण किमतीत कपात केली नाही, पैसे घ्यायची वर्षं तेवढी मागंपुढं सरकवली. दुसऱ्यांशी का नाही बोललात? ल्यूडर्स यांचं उत्तर असं, की दरी इतकी रुंद होती की वाटाघाटीनं ती बुजली नसती. व्यवहाराला हे पटतं. पण स्पर्धेत उरलेल्या दोघांना ते पटावं अशी अपेक्षा कुणीच केली नसणार.

२६ एप्रिलला दोघांनीही सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाकडे, जीएओकडे, तक्रार ठोकली.

नियमाप्रमाणे तक्रार आली की काम थांबतं, आणि निकालाला शंभर दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत खरं राजकारण झालं. ब्लू ओरिजिनचं मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातल्या केंटमध्ये. त्या राज्याच्या सिनेटर मारिया कँटवेल वाणिज्य समितीच्या अध्यक्ष, आणि नेल्सन यांची सुनावणी त्यांच्याच समितीसमोर, घोषणेनंतर पाचव्या दिवशी. लँडर कार्यक्रमात पर्यायी व्यवस्था कशी राखणार, याची योजना द्याल ना, हे त्यांनी तिथंच वदवून घेतलं. पाठोपाठ त्यांनी एका मोठ्या विधेयकात १० अब्ज डॉलरच्या दुसऱ्या लँडरची दुरुस्ती घातली. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ती बेझोस यांची भर करणारी म्हणून झोडपली. सिनेटनं जूनमध्ये ते विधेयक मंजूर केलं, पण प्रतिनिधीगृहात ते तसं पुढं गेलंच नाही. आणि मुळात अशा विधेयकानं परवानगी मिळते, पैसे मिळत नाहीत. पैसे देणारी समिती वेगळी. हा फरक बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि आतल्या माणसाला तो लक्षात आणून द्यायची घाई नसते. २६ जुलैला जेफ बेझोस यांनी नेल्सन यांना खुलं पत्र लिहिलं, की चालू आणि पुढच्या दोन वर्षांचे मिळून २ अब्ज डॉलरपर्यंतचे हप्ते आम्ही सोडून देतो. बोली उघडून झाल्यावर तीन महिन्यांनी दिलेली सूट. चार दिवसांत जीएओनं दोन्ही तक्रारी फेटाळल्या. मग ऑगस्टमध्ये कोर्ट, आणि ४ नोव्हेंबरला तिथंही नकार. चंद्राची तारीख २०२४ धरलेली असताना त्या वर्षातले कितीतरी महिने वकिलांच्या खात्यावर गेले.

जीएओच्या निकालात एक छोटी नोंद आहे. प्रत्येक उड्डाणाआधी तयारीची औपचारिक तपासणी व्हावी अशी निविदेची अट होती, आणि स्पेसएक्सच्या बाबतीत नासानं ती मर्यादित प्रमाणात सोडून दिली होती, हे जीएओनं मान्य केलं. त्यामुळे निकाल फिरला असता असं मात्र त्यांना वाटलं नाही. अट सोडण्याचं कारण उघड आहे. त्या कागदपत्रांत उड्डाणांचा आकडा होता सोळा, म्हणजे एक कोठार, चौदा टँकर आणि लँडर. दर टँकरला पूर्ण तपासणी बसवली तर वेळापत्रकाचा पार बट्ट्याबोळ. मस्क यांनी सोळा संभवतच नाहीत, फार तर आठ, असं लिहिलं. दोन वर्षांनी नासाच्याच अधिकाऱ्यानं आकडा वीसच्या अलीकडे नेऊन ठेवला. तो नक्की सांगता न येण्याचं कारण साधं आहे. द्रवरूप मिथेन उणे १६२ अंशांवर आणि प्राणवायू उणे १८३ अंशांवर ठेवावा लागतो, उन्हात फिरणाऱ्या कोठारातून त्याची वाफ होत राहते, आणि दोन टँकरांमध्ये जितके दिवस जास्त तितकी गळती जास्त. म्हणजे टँकर किती लागतील हे लाँचपॅड किती दिवसांत पुन्हा तयार होतो यावर अवलंबून. आणि एका जहाजातून दुसऱ्यात असं इंधन कक्षेत घालणं २०२५ संपेपर्यंत कुणीच करून दाखवलं नव्हतं. स्टारशिपच्या मार्च २०२४ च्या उड्डाणात एकाच यानाच्या आत टाकीतून टाकीत ढकलून पाहिलं, तेवढंच. ब्लू ओरिजिननं २०२१ मध्ये याच गुंतागुंतीची चित्रं काढून खिल्ली उडवली होती. त्यांच्या आताच्या मोठ्या लँडरला इंधन भरावंच लागतं, आणि तेही उणे २५३ अंशांच्या हायड्रोजनचं.

पण इतकं इंधन लागतं कशाला, हा प्रश्न सिनेटच्या सुनावण्यांमध्ये क्वचितच येतो, कारण त्याचं उत्तर सिनेटकडेच बोट दाखवतं. २०१० च्या कायद्यानं नासाला जे महारॉकेट बांधायला लावलं ते एसएलएस. त्यामागं फ्लोरिडाचे सिनेटर बिल नेल्सन होते, टेक्ससच्या के बेली हचिसन होत्या, आणि तरतुदीच्या समितीत अलाबामाचे रिचर्ड शेल्बी खांब रोवून बसलेले होते. त्या रॉकेटवर बसणारं ओरायन यान स्वतःचा वेग साधारण सेकंदाला सव्वा किलोमीटर एवढाच बदलू शकतं. अपोलोचं यान त्याच्या दुपटीहून अधिक बदलू शकायचं. त्यामुळे ओरायनला चंद्राच्या जवळच्या कक्षेत उतरून परत घरी येता येत नाही. मग त्याच्यासाठी एक लांबुळकी कक्षा शोधली गेली. चंद्रापासून ७०,००० किलोमीटरपर्यंत दूर जाणारी, एक फेरी साडेसहा दिवसांची. उरलेलं सगळं काम लँडरच्या डोक्यावर. त्याला तिथून खाली यायचं आणि पुन्हा तिथवर चढायचं, मिळून सेकंदाला सव्वापाच किलोमीटरच्या पुढचा वेगबदल. अपोलोच्या लँडरला चार किलोमीटरच्या आसपास पुरत होता. हा फरक आकड्यात किरकोळ दिसतो. रॉकेटच्या समीकरणात घातला की टाक्या फुगत जातात. ५० मीटर उंच, लिफ्टनं खाली उतरायचं स्टारशिप हास्यास्पद वाटत असेल, तर त्याच्यावर हे ओझं कुणी टाकलं हेही विचारावं. नाकापेक्षा मोती जड झाला खरा, पण नाक कुणी कापून लहान केलं होतं?

नेल्सन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. २०१७-१८ मध्ये ब्रायडनस्टाईन यांचं नाव आलं तेव्हा नासाच्या खुर्चीत राजकारणी नको, अवकाशातला जाणकार हवा, असा विरोध सगळ्यात जोरात केला नेल्सन यांनी. नाव मंजूर झालं ते ५० विरुद्ध ४९ नं. तीन वर्षांनी त्याच खुर्चीत स्वतः नेल्सन, एकमतानं, आणि त्यांच्यासाठी चांगला शब्द टाकणाऱ्यांत ब्रायडनस्टाईन! आपल्याकडे इस्रोचा अध्यक्ष मंत्रिमंडळाच्या नेमणूक समितीच्या एका आदेशानं ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये सोमनाथ यांच्या जागी नारायणन आले, ना सुनावणी ना मतदान. ती पद्धत चांगली असं मला म्हणायचं नाही; तिथं घासाघीस होत असेल तर ती आपल्याला दिसत नाही, एवढंच. अमेरिकेत ती दिसते, कधी कधी नको इतकी.

ब्रायडनस्टाईन यांच्या काळातही निवडीची खोली स्वच्छ होती असं नाही. जुलै २०१९ मध्ये त्यांनी मानवी उड्डाणाचे जुनेजाणते प्रमुख बिल गेर्स्टनमायर यांना बाजूला केलं. त्यांच्या जागी आलेले डग लव्हेरो मे २०२० मध्ये, स्पेसएक्सच्या पहिल्या मानवी उड्डाणाला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना, राजीनामा देऊन गेले. लँडरच्या निविदेबाबत त्यांचा बोइंगशी झालेला संपर्क अंगाशी आला होता. निरोपाच्या पत्रात त्यांनी मोहिमेसाठी धोका पत्करला आणि तो चुकला असं कबूलही केलं. म्हणून ल्यूडर्स त्या जागी आल्या. आणि लँडरच्या पहिल्या फेरीत, ३० एप्रिल २०२० ला, ब्लू ओरिजिनला ५७.९ कोटी, डायनेटिक्सला २५.३ कोटी आणि स्पेसएक्सला १३.५ कोटी डॉलर देऊन तिघांना आत घेतलं गेलं तेव्हा खुर्चीत ब्रायडनस्टाईन होते. स्टारशिपची रचना दारातून आत आली ती त्यांच्या कारकिर्दीत. कुठलाच प्रमुख निवडणार नाही अशी योजना पहिल्या चाळणीतून खाली पडायला हरकत नव्हती.

मे २०२३ मध्ये नेल्सन यांनी दुसरा लँडर आणला, ब्लू ओरिजिनला ३.४ अब्ज डॉलर. कोर्टात हरलेल्यांना टेबलावर जागा मिळाली, आणि खरं तर नासाला पहिल्या दिवसापासून दोघी हव्याच होत्या. ल्यूडर्स नासातून निवृत्त होऊन त्याच वर्षी स्पेसएक्सच्या टेक्ससमधल्या तळावर गेल्या. त्यांच्या निवडीवर कोर्टाचा शिक्का आहे, बेकायदा काही झालं नाही. तरीही असं व्हायला नको होतं असं मला वाटतं. गेर्स्टनमायरही आधीच तिकडे गेले होते.

मग २०२५, आणि खुर्ची पुन्हा रिकामी. ट्रम्प यांनी नाव दिलं जॅरेड आयझॅकमन यांचं. पेमेंट कंपनीचे मालक, स्पेसएक्सच्या यानातून स्वखर्चानं दोनदा जाऊन आलेले. ९ एप्रिलच्या सुनावणीत सिनेटर एड मार्की यांनी विचारलं, ट्रम्प यांनी तुम्हाला हे पद देऊ केलं तेव्हा मस्क खोलीत होते का? आयझॅकमन म्हणाले, माझी मुलाखत राष्ट्राध्यक्षांनी घेतली. मार्कींनी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच उत्तर. पुन्हा विचारलं. हो किंवा नाही हे काही शेवटपर्यंत निघालं नाही. समितीत १९ विरुद्ध ९ नं नाव पास झालं आणि ३१ मे रोजी, मस्क सरकारी कामातून बाहेर पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, व्हाइट हाऊसनं ते मागं घेतलं. कारण दिलं जुन्या संबंधांचं. आयझॅकमन यांनी डेमोक्रॅटांना दिलेल्या देणग्यांची फाईल राष्ट्राध्यक्षांपुढं सरकवणारे म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांनी ज्यांचं नाव छापलं ते नेमणुकांचे प्रमुख सर्जिओ गोर, जे त्याच वर्षी अमेरिकेचे भारतातले राजदूत म्हणून नेमले गेले.

जुलैत वाहतूकमंत्री शॉन डफी यांच्याकडे नासाचा हंगामी कारभार आला. २० ऑक्टोबरला त्यांनी टीव्हीवर सांगितलं, स्पेसएक्स मागं पडलंय, मी कंत्राट इतरांना खुलं करतोय. आठवड्यापूर्वीच स्टारशिपचं अकरावं उड्डाण नीट पार पडलं होतं, मात्र त्या वर्षी जानेवारी, मार्च आणि मे अशी तीन याने गेली होती आणि जूनमध्ये एक चाचणीच्या जागेवरच फुटलं होतं, त्यामुळे डफी यांचं निदान काही चुकीचं नव्हतं. मस्क यांनी त्यांच्या आडनावाचा ‘डमी’ केला. स्पेसएक्सनं उत्तरादाखल ४९ टप्पे पूर्ण झाल्याची यादी दिली आणि सोपी योजना सादर केल्याचं सांगितलं. डफी यांना प्रमुखपद सोडवत नव्हतं अशा बातम्या येतच होत्या, त्यामुळे कंत्राटाची घोषणा लँडरसाठी किती आणि खुर्चीसाठी किती हे सांगणं अवघड. पंधरा दिवसांत आयझॅकमन यांचं नाव परत आलं. १७ डिसेंबरला ६७ विरुद्ध ३० मतांनी ते मंजूर झालं. दोन्ही लँडरांत स्पर्धा असणं उत्तमच, जो आधी तयार होईल तो घेऊ, अशी त्यांची भूमिका. आणि एसएलएसबद्दल, जवळच्या मोहिमांना तेच लवकर पडेल, पण कायमचं परवडणारं ते साधन नव्हे.

यातली दुसरी गोष्ट ठरवायला मात्र त्यांना जागा फार उरलेली नव्हती. मे २०२५ च्या अर्थसंकल्पात व्हाइट हाऊसनं एसएलएस आणि ओरायन आर्टेमिस ३ या चांद्रमोहिमेनंतर बंद करायचं, चांद्रस्थानक रद्द करायचं असं सुचवलं होतं. नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्येच पहिल्या चार उड्डाणांचा दर प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर काढला होता, तेव्हा सुचवण्यात गैर काही नव्हतं. त्यावर ४ जुलैच्या कायद्यात वाणिज्य समितीचे अध्यक्ष टेड क्रूझ यांनी नासासाठी जवळपास १० अब्ज डॉलर घातले. आर्टेमिस ४ आणि ५ च्या एसएलएसला ४.१ अब्ज, चांद्रस्थानकाला २.६ अब्ज, वेगवेगळ्या राज्यांतल्या केंद्रांच्या डागडुजीला १ अब्ज. लँडरच्या नावानं एक ओळही नाही. लँडरचं कंत्राट ठरलेल्या किमतीचं, तिथं जास्तीचे पैसे ओतायला खिडकीच नाही, हे तांत्रिक उत्तर बरोबर आहे. दोनच महिन्यांनी लँडरला उशीर का, हे विचारणारी सप्टेंबरची ती सुनावणी क्रूझ यांनीच बोलावली. आणि ४ जुलैला कायद्यावर सही झाली तेव्हा नासाच्या खुर्चीत जॅनेट पेट्रो होत्या, केनेडी केंद्राच्या संचालक, पाच महिन्यांपासून हंगामी.